२८ फेब्रुवारीची रात्र : मुंबईतले बेघर मोजायचे कसे?

वनमाला_भायखळा

नमस्कार मंडळी. जनगणनेची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. २०२१ ची राहिली, आता फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसं मोजायची आहेत, १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख. जातींची नोंद, मोबाईलवरून स्वतःची माहिती भरणं, यावर इथे दोन धागे होऊन गेले. मला वेगळं बोलायचं आहे, आणि बरीच वर्षं बोलायचं राहिलं आहे.

मी महापालिकेच्या शाळेत ३२ वर्षं शिकवलं. २०११ ला मी प्रगणक, म्हणजे माणसं मोजणारी, होते. ९ ते २८ फेब्रुवारी घरोघर फिरायचं आणि २८ च्या रात्री आपापल्या गटातले, म्हणजे नेमून दिलेल्या भागातले, बेघर लिहायचे, असं ते काम. बेघरांसाठी ती एकच रात्र. माझ्या वाट्याला जे. जे. उड्डाणपुलाखालचा तुकडा आला होता. नजरी नकाशात मी दुकानं, मशीद, मुतारी सगळं काढलं होतं. माणसं कुठे झोपतात ते काढलं नव्हतं, कारण ते कुणी सांगितलंच नव्हतं.

साडेदहाला शाळेतल्या एका सहकारी बाईंना घेऊन निघाले. पर्यवेक्षक म्हणाले, "बाई, बारापर्यंत उरका, घरी जायला उशीर नको." त्यांनी काळजीनेच सांगितलं. पहिल्याच हातगाडीवर गोणपाटाखाली काहीतरी होतं. माल आहे की माणूस, कळेना. टॉर्च मारला तर पाय दिसले. आता दिवसभर ओझी वाहून झोपलेल्या माणसाला उठवून २९ प्रश्न विचारायचे? उठवलं. त्याने नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि कूस बदलली. बाकीचं मी अंदाजाने भरलं नाही, पण पूर्णही झालं नाही.

पुढे एक बाई स्टोव्हपाशी ताटल्या विसळत होती. तिला विचारलं, इथे किती वर्षांपासून राहता? तिने मागच्या भिंतीला हात लावला. म्हणाली, "ही भिंत पिवळी नव्हती तवापासून. थोरला इथंच झाला, आता त्याला पोरगी हाय." थोरला कुठे? लग्नाच्या केटरिंगला. "लिवा त्याला, दोन वाजता येतो." मी त्याला लिहिलं. मग तिने हळूच विचारलं, "नाव लिवून न्यायचं आणि मागनं आमाला उचलायला गाडी तर नाही ना आणायची?" मी नाही म्हणाले. तिला खात्री वाटली नाही हे दिसत होतं.

तिच्या शेजारी घडी घातलेलं कांबळं होतं, चपला होत्या, रेलिंगला साखळीने बांधलेली कुलूप लावलेली पेटी होती. माणूस नव्हता. दाणाबंदरला गाडी खाली करायला गेला होता म्हणे. नाव कुणाला नीट माहीत नव्हतं. मी त्याला सोडून दिलं.

अकरा माणसं लिहून साडेबाराला घरी आले. झोप लागली नाही. पहाटे पाचला मिस्टरांना घेऊन पुन्हा गेले. त्याच तुकड्यात तीसच्या वर माणसं झोपलेली होती. कांबळंवाला आला होता. केटरिंगची पोरं आली होती. शेवटची लोकल गेल्यावर स्टेशनातून बाहेर काढलेली माणसंही तिथेच येऊन आडवी झाली होती. सकाळी पर्यवेक्षकांना सांगितलं. ते म्हणाले, रात्रीची नोंद रात्रीचीच, राहू द्या.

नंतर आकडे आले. देशात १७,७३,०४० बेघर. बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार. त्या ५७ हजारांत माझे अकरा आहेत. उरलेले वीस-बावीस नाहीत, आणि ते मला माहीत आहेत.

२०२७ ला ही चूक पुन्हा होऊ नये यासाठी काय करता येईल? ज्यांना या कामाची, कायद्याची, आकडेशास्त्राची माहिती आहे त्यांनी जरूर लिहावं.

केदार_बुलढाणा

वनमालाताई, वाचून अंगावर काटा आला. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे.

२०१६ मध्ये वडिलांना घेऊन परळला टाटा हॉस्पिटलला आलो होतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेपर्यंत १९ रात्री आम्ही तिघं फुटपाथवर होतो. आई वडिलांच्या डोक्याशी बसून असायची, कारण गाडीचा हॉर्न वाजला की ते दचकून उठायचे. आजूबाजूला बिहारचे, बंगालचे, आमच्या विदर्भातले किती तरी लोक. काही जण सहा-सहा महिने होते. सलाईनची सुई हाताला तशीच ठेवून झोपलेली माणसं मी पाहिली आहेत.

आम्हाला गावाला घर होतं. जनगणनेत आमची नावं गावच्या घरात लागली असती. मग त्या १९ रात्री आम्ही कोण होतो? बेघर म्हणून मोजलं नाही तरी चालेल, पण त्या फुटपाथवर रोज किती माणसं झोपतात हे कुणाला तरी माहीत असायला हवं की नाही? शौचालय किती लागतील, पाणी किती लागेल, ते त्यावरच ठरणार.

नमुना_सर्वेक्षण

केदार, तुमचा प्रश्न मुळाचा आहे, म्हणून आधी त्यावर लिहितो. मी सर्वेक्षणाच्या क्षेत्रात काम करतो.

बेघर कोण, हे ठरवल्याशिवाय मोजता येत नाही. आपल्या जनगणनेची व्याख्या अशी आहे की जे इमारतीत किंवा 'जनगणना घरा'त (घर म्हणून क्रमांक दिलेल्या जागेत) राहत नाहीत आणि उघड्यावर, रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर, ह्यूम पाइपमध्ये, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, फलाटावर राहतात ते बेघर. ऐकायला सोपं आहे. पण फुटपाथवर भिंतीला टेकून बांबू, ताडपत्री आणि पत्र्याचा तुकडा लावलेला असेल तर ते घर धरायचं की उघडं? एक प्रगणक घर म्हणून क्रमांक देतो, दुसरा रात्रीसाठी राखून ठेवतो, तिसऱ्याकडून दोन्हीकडे राहून जातं. मुंबईत हा प्रकार हजारोंनी आहे.

ऑस्ट्रेलियाची व्याख्या बघा. २०२१ च्या जनगणनेत तिथे १,२२,४९४ बेघर निघाले. त्यातले प्रत्यक्ष रस्त्यावर किंवा तंबूत झोपणारे ७,६३६. बाकीचे निवाऱ्यांत, नातेवाइकांकडे तात्पुरते, आणि फार दाटीने राहणारे. दाटीने राहणं हेही तिथे बेघरपण धरतात. ती व्याख्या आपण लावली तर आपल्या चाळी आणि झोपडपट्ट्यांचं काय होईल, विचार करा. मी ती इथे लावा म्हणत नाही. दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून 'आपल्याकडे कमीच आहेत की' असं म्हणणाऱ्यांसाठी सांगतोय.

आता मोठ्या सर्वेक्षणांचं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या सूचनांत एक ओळ आहे. ज्यांचं नेहमीचं राहण्याचं ठिकाणच नाही अशा फिरत्या लोकांची यादी करायची नाही. पण मोकळ्या जागेत, पुलाखाली, बहुतेक रोज त्याच जागी राहणारी कुटुंबं मात्र यादीत घ्यायची. म्हणजे वनमालाताईंची स्टोव्हवाली बाई नियमाने यादीत येते. प्रत्यक्षात तिच्यापर्यंत जायला सकाळी अकराची वेळ उपयोगाची नाही, तेव्हा ती कामाला गेलेली असते. आजार, पोषण, रोजगार, खर्च यांचे आपले बहुतेक आकडे घराच्या यादीतून निवडलेल्या कुटुंबांवरून येतात. त्यामुळे बेघरांच्या मुलांचं वजन किती, त्यांना लस मिळाली का, हे त्यांत जवळपास दिसतच नाही.

एका रात्रीची मोजणी दुसरीकडेही होते. अमेरिकेत जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांतली एक रात्र ठरलेली असते. २०२४ मध्ये त्या एका रात्री ७,७१,४८० लोक बेघर होते, यात निवाऱ्यांतलेही आले. इंग्लंडमध्ये शरद ऋतूतली एक रात्र असते. २०२४ ला ४,६६७ लोक रस्त्यावर झोपलेले आढळले. दोन्हीकडे हे दरवर्षी होतं. आपल्याकडे दहा वर्षांतून एकदा, आणि आता तर सोळा वर्षांनी.

न्यूयॉर्कमधली एक गोष्ट मला फार आवडते. मोजणीच्या रात्री महापालिका आपलीच काही माणसं रस्त्यावर बेघरांसारखी बसवते. मोजणाऱ्यांना ती कोण ते माहीत नसतं. सकाळी बघतात, आपल्या माणसांपैकी किती सुटली. शंभरातली पंधरा सुटली असतील तर खऱ्या बेघरांतलीही साधारण तेवढीच सुटली असतील असं धरून आकडा दुरुस्त करतात. आपल्या जनगणनेनंतरही फेरपडताळणीचं सर्वेक्षण होतं, पण फुटपाथवरच्या माणसाला दुसऱ्यांदा गाठण्यासाठी ती पद्धत केलेलीच नाही.

दुसरा मार्ग आणखी सोपा. एकाच पट्ट्यात दोन वेगळ्या रात्री मोजा. पहिल्या रात्री १०० भेटले, दुसऱ्या रात्री १००, आणि त्यातले ५० दोन्ही वेळा होते, तर तिथे मिळून साधारण २०० जण आहेत असा अंदाज निघतो. तळ्यातले मासे मोजायची ही जुनी रीत. माणसं एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत ओळखायला नाव, गाव आणि एखादी खूण पुरते, कागदपत्र लागत नाही.

विश्वास_चेंबूर

सगळ्यांचा आदर ठेवून एक विचारतो. मोजून पुढे काय? आकडा ५७ हजार असो की दोन लाख, या शहरात जागा कुठे आहे? मी ४० वर्षं कर भरतोय, आमच्या इमारतीसमोरच्या फुटपाथवरून चालता येत नाही. निवारे वाढवले की आणखी लोक येतील अशी भीती वाटते. २००१ ला देशात १९ लाखांच्या वर बेघर होते, २०११ ला पावणेअठरा लाख. म्हणजे कमीच होत चाललेत ना?

नमुना_सर्वेक्षण

विश्वासकाका, एकूण आकडा कमी झाला तो गावांमुळे. खेड्यातले बेघर ११.६५ लाखांवरून ८.३५ लाखांवर आले. शहरातले ७.७९ लाखांवरून ९.३८ लाखांवर गेले, म्हणजे वीस टक्क्यांनी वाढले. तुमच्या फुटपाथवर जे दिसतं ते याच दुसऱ्या आकड्यात आहे.

आरती_मानखुर्द

विश्वासकाकांच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं आहे, कारण माझी आई फुटपाथवर वाढली.

आजीआजोबा ७२ च्या दुष्काळात जालन्याकडून आले. विहिरी आटल्या, जनावरं गेली, मग रेल्वेत बसले. निवारा आहे हे ऐकून कुणी आलं नव्हतं, कारण निवारा नव्हताच. भायखळ्याला मार्केट होतं, हमाली होती, म्हणून तिथे थांबले. कामाच्या जागेपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर झोपायचं, एवढाच हिशोब होता. बसला पैसे द्यायचे तर खायचं काय?

४ जानेवारी १९७६ ला मुंबईतल्या झोपडपट्ट्यांची एका दिवसात गणना झाली, लोकांना फोटोपास, म्हणजे फोटो लावलेले ओळखीचे पास, मिळाले. फुटपाथवाल्यांना त्यात धरलं नव्हतं. फोटोपास नाही म्हणून पुढे कुठल्याच यादीत नाव नाही. १९८१ ला पावसाळ्यात फुटपाथवरच्या झोपड्या तोडून माणसांना बसमध्ये भरून गावाकडे पाठवायला सुरुवात झाली. त्यातूनच फुटपाथवाल्यांच्या बाजूने ऑल्गा टेलिस खटला उभा राहिला. १९८५ ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पोट भरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो. पण नोटीस देऊन झोपड्या काढायला परवानगीही दिली.

त्याच वर्षी स्पार्क संस्थेने भायखळा आणि मोठ्या रस्त्यांकडेची सुमारे सहा हजार कुटुंबं मोजली. आई तेव्हा सोळा वर्षांची होती. ती सांगते, आलेल्या ताया खाली बसायच्या, आधी चहा घ्यायच्या, मग विचारायच्या. आणि नंतर बायाच पुढे होऊन सांगायला लागल्या की अमक्या गल्लीत जा, तिथे रात्री अकरानंतरच सापडतील. मोजल्यावर दिसलं की ही माणसं काल आलेली नाहीत, वर्षानुवर्षं तिथेच आहेत आणि काम करतायत. आकडा हातात असल्यामुळे बायकांना महापालिकेत जाऊन बोलता आलं. पुढच्या वर्षी महिला मिलन ही या बायकांची संघटना उभी राहिली. रेशन कार्डासाठी त्याच वह्या घेऊन बायका रांगेत उभ्या राहायच्या.

आज मी मानखुर्दला चार भिंतींत राहते. घर मिळायला वीस वर्षं लागली. पण सुरुवात त्या मोजणीपासून झाली, म्हणून 'मोजून पुढे काय' हा प्रश्न मला टोचला. राग नाही काका, पण टोचला.

विश्वास_चेंबूर

आरती, टोचलं असेल तर माफ कर बाळा. ७६ ची गणना मला आठवते, आमच्या बाजूच्या वस्तीत झाली होती. फुटपाथवाले त्यात नव्हते हे मला आज कळलं.

सुजाता_वकील

कायद्याच्या बाजूने थोडं.

निवारा किती हवा, याचा निकष सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आला. शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारा एक निवारा. २०१३ च्या शहरी बेघर निवारा योजनेत दर लाखामागे निदान १०० माणसांची सोय आणि माणशी ५० चौरस फूट जागा, असं धरलं. मुंबईची २०११ ची लोकसंख्या १.२४ कोटी. म्हणजे १२४ निवारे, साधारण साडेबारा हजार माणसं. आज शहरात आहेत ते निवारे या संख्येच्या जवळपासही नाहीत. पण समजा उद्या १२४ झाले, तरी जनगणनेचे ५७ हजार धरले तर चारातले तीन बाहेरच राहतात. हा निकष एकूण लोकसंख्येवर बांधला आहे, बेघरांच्या संख्येवर नाही. वॉर्डनिहाय खरा आकडा असता तर कोर्टात वेगळं बोलता आलं असतं. न्यायाधीश विचारतात, 'किती लोक आहेत?', आणि दोन्ही बाजू वेगवेगळे आकडे देतात.

भीतीबद्दलही लिहायला हवं. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा अजून आपल्या डोक्यावर आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ ला त्यातली शिक्षेची कलमं दिल्लीपुरती रद्द केली. ज्याला भिक्षेकरीगृहात नेलं जाण्याची भीती आहे तो रात्री टॉर्च घेऊन आलेल्या सरकारी माणसाला खरं नाव कशाला सांगेल? पारधी कुटुंबांचं तर विचारूच नका. इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो १९५२ ला गेला, पण शहरात कुठे चोरी झाली की पहिली विचारपूस अजून त्यांच्याकडे होते. पोलिसांना बरोबर घेऊन मोजणी केली तर पुलाखालची जागा दहा मिनिटांत रिकामी होईल.

आणि एक चांगली गोष्ट. मतदार यादीत बेघर माणसाचं नाव घालायला पत्त्याचा कागद लागत नाही. तो जिथे झोपतो म्हणतो तिथे बूथ अधिकाऱ्याने रात्री जाऊन तो खरंच झोपतो का ते एकापेक्षा जास्त रात्री बघायचं, असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. म्हणजे रात्री, पुन्हा पुन्हा जाऊन, कागदाशिवाय खात्री करून घेण्याची रीत आपल्या व्यवस्थेत आहे. ती जनगणनेला का लावता येऊ नये?

केदार_बुलढाणा

सुजाताताई, हे मतदार यादीचं माहीत नव्हतं. नमुना_सर्वेक्षण, मोजलेली संख्या पुढे खरंच कमी होते का कुठे? की फक्त अहवाल निघतात?

नमुना_सर्वेक्षण

होते. फिनलंड १९८७ पासून दरवर्षी मोजतो. तेव्हा १८ हजारांच्या वर होते, २०२४ ला चार हजारांच्या आत होते. नातेवाइकांकडे अडचणीत राहणारेही ते मोजतात, तरी. २००८ पासून त्यांनी आधी घर द्यायचं आणि मग व्यसन, आजार, नोकरी बघायची असं धोरण घेतलं. घरं बांधली म्हणून कमी झाले, मोजल्यामुळे नव्हे. पण कुठल्या शहरात किती घरं लागतील आणि कोण दीर्घकाळ बाहेर आहे हे दरवर्षी समोर होतं, म्हणून पैसा योग्य जागी गेला. आपल्याला त्यांच्यासारखी थंडी नाही आणि पैसाही नाही, पण दरवर्षी मोजायला अडचण नाही.

वनमाला_भायखळा

सगळ्यांचे आभार. मी वहीत लिहून घेतलं आहे. आता माझं म्हणणं मांडते, चुकत असेल तर सांगा.

माझ्या मते रात्र एक असो की तीन, आधीची तयारी नसेल तर काही उपयोग नाही. २०२७ च्या फेब्रुवारीआधी प्रत्येक वॉर्डात झोपण्याच्या जागांचा नकाशा हवा. त्यात पूल, फलाट, हॉस्पिटलची कुंपणं, देवळं, दर्गे, मार्केट, रे रोड-डॉकयार्डकडचे गोदामांचे पट्टे, सगळं. रेल्वेची हद्द एकाची, बंदराची दुसऱ्याची, फुटपाथ तिसऱ्याचा, त्यामुळे मधली जागा कुणाच्याच गटात येत नाही. माझ्या गटाची हद्द उड्डाणपुलाच्या खांबापर्यंत होती. खांबाच्या पलीकडे झोपलेली माणसं पलीकडच्या प्रगणकाने लिहिली का, मला आजही माहीत नाही.

दुसरं, वेळ. साडेदहा ते बारा ही वेळ आपल्या सोयीची. दादरचं फूल मार्केट, ससून डॉक, भायखळ्याची भाजी, ही सगळी कामं पहाटेची. तिथली माणसं दिवसा झोपतात, रात्री त्यांच्या जागी कांबळं असतं. एक फेरी रात्री दोननंतर आणि एक दुपारी, दोन्ही हव्यात. आणि कांबळं, पेटी, चुलीचे तीन दगड दिसले तर 'माणूस नाही' म्हणून पुढे न जाता ती जागा लिहून ठेवावी आणि पुन्हा यावं.

तिसरं आरतीने सांगितलं तेच. जोडीला तिथलं माणूस हवं. मी एकटी गेले आणि त्या बाईने मला गाडीबद्दल विचारलं. तिच्या ओळखीची बाई माझ्याबरोबर असती तर तिने कांबळेवाल्याचं नावही सांगितलं असतं. एकट्या बायका तर टॉर्च दिसला की सरकून अंधारात जातात, त्यांना पुरुष प्रगणक कधीच सापडणार नाहीत.

केदारच्या प्रश्नावर मी खूप विचार केला. हॉस्पिटलबाहेरच्या लोकांची नावं गावातच राहू देत, पण त्या रात्री तिथे किती जण होते हा आकडा वेगळा लिहावा. दोन्ही खरे आहेत.

आणि आकडा वॉर्डनिहाय बाहेर यावा, नावं मात्र कुणालाही, पोलिसांनाही, मिळू नयेत. जनगणनेच्या कायद्यात गुप्तता आहेच, ती मोठ्याने सांगायला हवी. मी त्या बाईला 'गाडी येणार नाही' म्हणाले ते माझ्या भरवशावर. कायदा म्हणतो की ही माहिती तिच्याविरुद्ध वापरताच येत नाही, हे मला नीट माहीत असतं तर मी तिला तसं सांगितलं असतं.

आरती_मानखुर्द

ताई, नकाशाची सुरुवात आपणच केली तर? भायखळा ते जे. जे. एवढाच पट्टा. आई येईन म्हणते. तिला अजून तिथल्या निम्म्या बाया ओळखतात.

केदार_बुलढाणा

मी पुढच्या शनिवारी मुंबईत आहे. परळचा पट्टा मला पाठ आहे, पण आधी तुमच्याबरोबर येतो.

विश्वास_चेंबूर

रात्री दोनला गाडी मिळणार नाही. माझी चारचाकी आहे, मी सगळ्यांना घरी सोडेन.

वनमाला_भायखळा

शनिवारी रात्री साडेअकराला भायखळा स्टेशन, पश्चिमेला. आरती, आईंना चहा मी आणते म्हणावं, त्यांनी फक्त यावं. एक फेरी साडेअकराला, दुसरी अडीचला, आणि रविवारी दुपारी एकला पुन्हा. वही माझ्याकडे आहे. मोबाईल खिशातच ठेवा, फोटो काढायचे नाहीत.